पंपाच्या पेटीतले ऑब्जेक्ट: क्लास लिहा, पण वेळ लपवू नका

जालना, परभणी, बीडकडच्या बागायती पट्ट्यात विहिरीवर किंवा बोअरवर एक लोखंडी पेटी असतेच. आत स्टार्टर, त्याला जोडलेला ऑटो स्विच (लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा), आणि आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारं छोटं सर्किट. थ्री फेज रात्री-अपरात्री येते, मोसंबीला पाणी तर द्यायचंच असतं, म्हणून या सर्किटला मागणी आहे. डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टांतही त्याचीच गर्दी.

यातल्या बहुतेक प्रोजेक्टांचा कोड मात्र एकाच साच्याचा निघतो. मेन फंक्शनमध्ये आठशे ओळी, वर चाळीसेक ग्लोबल व्हेरिएबल, मध्ये ठिकठिकाणी 'डिले', म्हणजे प्रोग्रामला नुसतं थांबवून ठेवणारी आज्ञा. सी प्लस प्लस शिकून झालेली असते, पण तिथे कुत्रा आणि मांजर 'प्राणी' क्लासकडून वारसा घेतात एवढंच शिकवलेलं असतं. (क्लास म्हणजे डेटा आणि त्यावरची फंक्शनं एकत्र बांधणारा साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू.) त्याचा कॉन्टॅक्टरशी, म्हणजे मोटारीची लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचशी, काय संबंध, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर लिहून आलेले लोक. ते त्याच पेटीत सात पातळ्यांचा वारसा आणि जागोजागी 'न्यू' (चालू प्रोग्राममधून मेमरी मागणारी आज्ञा) घालतात; टेबलावर सगळं चालतं आणि शेतात महिन्याभराने बंद पडतं. दोघांच्या मधली वाट आहे. याच पेटीचं उदाहरण घेऊन ती पाहू.

रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे

पहिला गैरसमज इथेच होतो. रिअल-टाइम म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत, दर वेळी. उत्तर बरोबर आलं पण उशिरा आलं, तर ते चुकलेलंच धरायचं. चालू मोटारीचा एक फेज गेला की तेवढंच काम करण्यासाठी उरलेल्या दोन फेजमधला करंट साधारण १.७ पट होतो. स्टार्टरने काही सेकंदांत मोटार सोडली नाही तर वाइंडिंग तापत जातं आणि मोटार रिवायंडिंगला जाते. इथे सॉफ्टवेअरला मिळालेली मुदत सेकंदांची आहे. उलट करंट मोजायचा असेल तर ५० हर्ट्झच्या एका सायकलीला २० मिलिसेकंद लागतात, आणि त्यात २० नमुने हवे असतील तर दर मिलिसेकंदाला एक घ्यावाच लागतो. शॉर्ट सर्किटसाठी मात्र सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवायची नाही. ते काम फ्यूजचं किंवा एमसीबीचं.

म्हणजे एकाच पेटीत तीन-चार प्रकारच्या मुदती नांदतात: नमुना १ मिलिसेकंदाला, निर्णय १० मिलिसेकंदाला, डिस्प्ले आणि बटणं १०० मिलिसेकंदाला, आणि मोडेम जमेल तेव्हा. टू-जी मोडेमला एसएमएस पाठवायची आज्ञा दिली तर उत्तर यायला ६० सेकंदसुद्धा लागू शकतात.

चिप एसटीएम३२एफ१०३ घेऊ. स्वस्त, सहज मिळणारी, सगळ्यांच्या ओळखीची. कॉर्टेक्स-एम३ कोअर, ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. दर मिलिसेकंदाला ७२,००० सायकल हातात येतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ऑब्जेक्ट कुठून काढायचे

पुस्तकात सांगतात की वाक्यातली नामं शोधा, ते तुमचे क्लास. एम्बेडेडमध्ये त्याहून चांगला नियम चालतो: जी गोष्ट बिघडली किंवा बदलली तर एकाच जागी हात घालावा लागावा असं वाटतं, तिचा क्लास करा. पेटीत पाहिलं तर फेज-मॉनिटर, करंट-मापक, स्टार्टर, मोडेम, सेटिंगचा साठा, आणि या सगळ्यांच्या मध्ये बसून निर्णय घेणारा नियंत्रक.

फेज-मॉनिटरचं उदाहरण बोलकं आहे. पहिल्या आवृत्तीत लोक तीन फेजचा व्होल्टेज मोजतात आणि एखादा शून्याला गेला की 'फेज गेला' म्हणतात. मोटार बंद असताना हे चोख चालतं. मोटार फिरत असताना मात्र गेलेल्या फेजच्या टर्मिनलवर मोटार स्वतःच व्होल्टेज तयार करत राहते. व्होल्टेज बऱ्यापैकी दिसतो, मॉनिटर 'ठीक' म्हणतो, आणि मोटार जळते. उपाय असा की करंटही बघायचा: तीन फेजच्या करंटमध्ये मोठा असमतोल दिसला तर फेज गेला असं धरायचं. आता नियंत्रकाने कोडमध्ये दहा ठिकाणी थेट 'व्होल्टेज आर १८० पेक्षा कमी आहे का' असं लिहिलं असेल, तर दहा जागा दुरुस्त कराव्या लागतात आणि अकरावी राहून जाते. त्याने फक्त 'फेज_ठीक_आहेत_का' एवढंच विचारलं असेल तर बदल एका क्लासच्या आत संपतो. एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे तपशील क्लासच्या आत झाकण्याचा, एम्बेडेडमधला खरा फायदा हा. बाकी प्रायव्हेट-पब्लिकच्या व्याख्या परीक्षेपुरत्या.

करंट-मापकाच्या आतला हिशोबही बाहेर दिसायची गरज नाही. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग) १२ बिटांचा, म्हणजे मधल्या शून्यापासून नमुना फार तर २०४८ इतका हलतो. त्याचा वर्ग ४१,९४,३०४. वीस नमुन्यांची बेरीज ८,३८,८६,०८०. ती ३२ बिटांत आरामात मावते. या कोअरमध्ये अपूर्णांकांसाठी वेगळं हार्डवेअर नाही, फ्लोट वापरला की सगळं सॉफ्टवेअरने होतं. मग वर्गमूळ काढायचंच कशाला? ट्रिपच्या मर्यादेचा वर्ग एकदा करून ठेवा आणि वर्गाशी वर्ग ताडून पाहा. वर्गमूळ फक्त डिस्प्लेवर आकडा दाखवताना, १०० मिलिसेकंदांतून एकदा.

स्टार्टर: पॉलिमॉर्फिझमची खरी जागा

लहान मोटारीला डीओएल स्टार्टर, म्हणजे एक कॉन्टॅक्टर, ओढला की मोटार थेट लाइनवर. सुरुवातीचा करंट पूर्ण भाराच्या सहा-सात पट जातो. मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा: आधी स्टारमध्ये जोडायची, त्यामुळे लाइनचा सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो, काही सेकंदांनी स्टार सोडायचा, साधारण ५० मिलिसेकंद थांबायचं, मग डेल्टा ओढायचा. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी ओढले गेले तर थेट शॉर्ट.

इथे 'स्टार्टर' हा बेस क्लास, आणि 'डीओएल' व 'स्टार_डेल्टा' हे त्यातून निघालेले दोन. बाहेरून तीनच दारं: चालू_कर, बंद_कर, स्थिती. नियंत्रकाला आत कुठला स्टार्टर आहे हे कळायचं कारण नाही. स्टार आणि डेल्टाच्या पिना त्या क्लासच्या बाहेर कुणालाच दिसत नाहीत, त्यामुळे 'दोन्ही एकदम नाहीत' हा नियम मोडायला दुसऱ्या कुठल्या फाइलीतून वाट उरत नाही. (कॉन्टॅक्टरचा मेकॅनिकल आणि वायरिंगमधला इंटरलॉक तरीही हवाच. क्लास शहाणा आहे म्हणून तो काढू नये.)

चालू_कर सारखं, बेस क्लासमध्ये नाव आणि निघालेल्या प्रत्येक क्लासमध्ये आपापलं काम, असं फंक्शन म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन. ते महाग पडतं अशी एक जुनी भीती आहे. नीट मोजू. ज्या क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन आहे त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये ४ बाइटचा एक छुपा पॉइंटर येतो. तो त्या क्लासच्या फंक्शन-पत्त्यांच्या तक्त्याकडे बोट दाखवतो. कॉल करताना प्रोसेसर आधी हा पॉइंटर वाचतो, मग तक्त्यातून पत्ता वाचतो, मग तिथे उडी मारतो. साध्या कॉलपेक्षा दोन वाचनं जास्त. फ्लॅशचा थांबा धरून दहा-बारा सायकल समजा. ७२ मेगाहर्ट्झला ते ०.१७ मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर. ७२,००० सायकलींमध्ये दहा-बारा म्हणजे चिल्लर. शिवाय हा खर्च दर वेळी जवळजवळ सारखाच असतो, आणि रिअल-टाइममध्ये तेच महत्त्वाचं. खरी किंमत वेगळीकडे आहे: कंपायलरला आत कुठलं फंक्शन आहे ते माहीत नसेल तर तो ते कॉलच्या जागी उलगडून टाकू शकत नाही. म्हणून 'पिन वर कर' एवढ्या कामाला व्हर्च्युअल लावू नये. तिथे टेम्पलेट किंवा साधा क्लास. ८ बिटांच्या एव्हीआर चिपवर अजून एक खोच आहे. तिथे जीसीसी कंपायलर हा तक्ता रॅममध्ये ठेवतो, आणि एटीमेगा३२८ मध्ये रॅम असते अवघी २ केबी.

मुख्य मुद्दा: इंटरफेसने तपशील लपवावा, वेळ लपवू नये

ऑब्जेक्टचं काम लपवण्याचं. चालू_कर म्हटलं की मोटार चालू होते, कशी ते विचारू नका. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये हे शोभतं. पेटीत याच सवयीने घात होतो, कारण लपलेल्या गोष्टींत वेळही लपते.

स्टार_डेल्टाचं चालू_कर असं लिहिलं समजा: स्टार ओढ, ६ सेकंद डिले, स्टार सोड, ५० मिलिसेकंद डिले, डेल्टा ओढ. वाचायला सुरेख. डीओएलसोबत चाचणी केलेला नियंत्रक याच्यासोबतही कंपाइल होतो, चालतोसुद्धा. फक्त ती सहा सेकंदं नियंत्रक त्या फंक्शनच्या आत अडकून पडलेला असतो. मधेच फेज गेला, शेतकऱ्याने लाल बटण दाबलं, पाणी नाही म्हणून करंट पडला, तरी ऐकणारं कोणी नाही. डीओएलच्या जागी स्टार_डेल्टा बसवला. टाइप जुळला, नावं जुळली, वेळ जुळली नाही. पॉलिमॉर्फिझमचा 'एकाच्या जागी दुसरा' हा नियम रिअल-टाइममध्ये वेळेलाही लागू असतो: बेस क्लासने 'मी ५० मायक्रोसेकंदांत परत येईन' म्हटलं असेल तर त्यातून निघालेल्या प्रत्येकाने ते पाळलंच पाहिजे. ही मुदत हेडर फाइलमध्ये फंक्शनच्या वर लिहून ठेवा. कंपायलर ती तपासत नाही, पण पुढचा माणूस वाचतो.

दुसरा नमुना याहून कपटी. 'नोंदवही' नावाचा क्लास आहे, ट्रिपची कारणं साठवतो. आधी तो रॅममध्ये लिहायचा. मग कुणीतरी म्हणालं, लाईट गेली की नोंदी जातात. म्हणून त्याच इंटरफेसमागे चिपच्या आतल्या फ्लॅशमध्ये लिहिणारा क्लास आला. एसटीएम३२एफ१०३ वर फ्लॅशचं एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, आणि पुसणं चालू असताना त्याच फ्लॅशमधून पुढची सूचना वाचायला गेलेला प्रोसेसर थबकतो. इंटरप्टचा, म्हणजे हातातलं काम थांबवून लगेच चालणारा, कोडही फ्लॅशमध्येच असतो, म्हणजे तोही थबकतो. मिलिसेकंदाला एक याप्रमाणे वीस ते चाळीस नमुने गेले, करंटचा हिशोब चुकला, आणि ट्रिपची नोंद करताना आणखी एक खोटा ट्रिप पडला. नियंत्रकाची एकही ओळ बदलली नव्हती. वर त्या फ्लॅशच्या पानाचं आयुष्य साधारण १०,००० वेळा पुसण्याइतकं; दर मिनिटाला पुसलं तर आठवड्याभरात संपतं. उपाय: नोंदी रॅममध्ये गोळा करायच्या, मोटार बंद असताना फ्लॅशवर उतरवायच्या, किंवा बाहेरची एफरॅम (लाईट गेली तरी नोंद टिकवणारी, झटपट लिहिता येणारी मेमरी) लावायची.

मेमरी आधीच वाटून टाकावी

'न्यू' आणि 'डिलीट' यांच्यावर एम्बेडेडवाले इतके का चिडतात? एक कारण वेळ: हवा तेवढा तुकडा शोधायला किती वेळ लागेल हे आतल्या अवस्थेवर ठरतं. दुसरं कारण शेतात दिसतं. ४ केबीचा हीप ('न्यू' ज्यातून तुकडे देतं ती मेमरी) आहे, मोडेमकडून येणारे संदेश कधी ३० बाइट, कधी १६०, त्यांच्यामध्ये नोंदींचे छोटे तुकडे. काही मोकळे होतात, काही अडून राहतात. दोन-तीन आठवड्यांनी एकूण २ केबी मोकळी असते, पण सलग ३०० बाइट कुठेच नसतात. वाटप फसतं, शून्य पॉइंटर येतो, आणि तो कोणी तपासलेला नसतो. टेबलावर तासभर चालवून हे कधीच सापडत नाही. आर्डुइनोच्या 'स्ट्रिंग' क्लासने रचलेल्या एसएमएस-कोडमध्ये याच कारणाने पेटी अधूनमधून गप्प होते.

म्हणून सगळे ऑब्जेक्ट स्थिर जागेत: ग्लोबल, किंवा एका 'पेटी' क्लासचे सदस्य. संदेशांसाठी ठरावीक मापाच्या खणांचा पूल, समजा १६८ बाइटचे आठ खण. भरले तर नवा संदेश सरळ नाकारायचा आणि ते मोजायचं. 'आठ पुरतील का' हा प्रश्न डिझाइन करताना सोडवावा लागतो, हाच पूलचा फायदा. लढाऊ विमानांसाठी २००५ साली केलेल्या जेएसएफ सी प्लस प्लस नियमावलीतही हेच आहे: सुरुवातीची जुळवाजुळव झाल्यावर हीप बंद, आणि एक्सेप्शन वापरायचेच नाहीत. कंपायलरला एक्सेप्शन आणि आरटीटीआय (चालू प्रोग्राममध्ये ऑब्जेक्टचा टाइप विचारण्याची सोय) बंद ठेवण्याचे फ्लॅग द्या. आणि आयओस्ट्रीम ही छापण्या-वाचण्याची सोय कुठे चुकूनही इन्क्लूड करू नका. त्याच्यासोबत येणारी लायब्ररीच ६४ केबीच्या बाहेर जाते.

कन्स्ट्रक्टर, इंटरप्ट आणि गप्प बसणाऱ्या चुका

ग्लोबल ऑब्जेक्टचा कन्स्ट्रक्टर मेनच्या आधी चालतो. पेरिफेरलचे (चिपमधल्या पिना, टायमर वगैरे भागांचे) क्लॉक मात्र बहुधा मेनमध्ये चालू केले जातात. कन्स्ट्रक्टरमध्ये 'पिन आउटपुट कर' लिहिलं असेल तर क्लॉक नसलेल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं मुकाट्याने वाया जातं. एरर नाही, काही नाही, पिन फक्त हलत नाही. शिवाय दोन वेगळ्या फाइलींतल्या ग्लोबल ऑब्जेक्टपैकी कोणाचा कन्स्ट्रक्टर आधी, हे भाषा ठरवून देत नाही. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त आकडे भरायचे. हार्डवेअरला हात लावायचं काम वेगळ्या 'सुरू' फंक्शनमध्ये, मेनमधून, ठरवलेल्या क्रमाने.

इंटरप्टची गंमत वेगळी. सी प्लस प्लस कंपायलर फंक्शनच्या नावाला शेपट्या जोडतो. व्हेक्टर टेबल, म्हणजे कुठल्या इंटरप्टला कुठलं फंक्शन (हँडलर) याचा तक्ता, मात्र साधं नाव शोधतं. हँडलरला 'एक्स्टर्न सी' लावलं नाही तर लिंकरला तो सापडत नाही, तो मुकाट्याने डिफॉल्ट हँडलर जोडतो, आणि पहिला इंटरप्ट येताच प्रोग्राम अनंत लूपमध्ये जातो. क्लासचं साधं सदस्य-फंक्शन तिथे थेट बसवताही येत नाही, कारण त्याला 'धिस' हा छुपा पॅरामीटर लागतो आणि हार्डवेअर तो देत नाही. मधे एक छोटं सी-फंक्शन ठेवायचं, त्याने ठरलेल्या ऑब्जेक्टचं फंक्शन बोलवायचं.

'व्होलाटाइल' लावलं की सगळं सुरक्षित, हा समज टाका. तो कंपायलरला फक्त एवढंच सांगतो की हे दर वेळी खरंच वाच. ३२ बिटांचा आकडा या कोअरवर एका दमात वाचला जातो, ६४ बिटांचा नाही. एव्हीआरवर १६ बिटांचाही नाही. अर्धा वाचून होतो, इंटरप्ट येतो, उरलेला अर्धा नवा मिळतो. असा आकडा वाचण्यापुरता इंटरप्ट बंद करावा लागतो, आणि ते काम त्या क्लासच्या वाच_फंक्शनच्या आत असावं, वाचणाऱ्याच्या डोक्यावर नाही.

ऑब्जेक्ट वेगळे, टास्क वेगळे

प्रत्येक ऑब्जेक्टला एक टास्क, म्हणजे आळीपाळीने स्वतंत्र चालणारा प्रोग्रामचा तुकडा, द्यायची हौस नवख्यांना असते. दर टास्कला स्वतःचा स्टॅक लागतो. २० केबीत अशा किती चुली मांडणार? टास्क मुदतींवरून ठरवा. आपल्या पेटीत नमुना घेणं १ मिलिसेकंदाला ०.१२ मिलिसेकंद खातं, निर्णय १० ला १.५, डिस्प्ले १०० ला २० असं धरू. प्रोसेसरवरचा भार ०.१२ अधिक ०.१५ अधिक ०.२०, म्हणजे ४७ टक्के. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली दाखवलेल्या मर्यादेप्रमाणे, ज्याचा आवर्तकाळ लहान त्याला वरची प्रायॉरिटी दिली आणि टास्क एकमेकांना अडवत नसतील, तर तीन टास्क ७८ टक्क्यांपर्यंत हमखास मुदतीत बसतात. आपण बसलो. मोडेम सगळ्यांच्या खाली, उरलेल्या वेळात.

'एकमेकांना अडवत नसतील' ही अटच जड आहे. डिस्प्ले आणि नियंत्रक दोघेही सेटिंगचा साठा वापरतात, त्याला कुलूप लागतं. खालच्या टास्कने कुलूप घेतलं, वरचा थांबला, आणि दोघांच्या मधल्या प्रायॉरिटीचा टास्क खालच्याला हटवून आपलं काम करत बसला. वरच्याची मुदत चुकली. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा कॉम्प्युटर याच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होता, आणि कुलपाचा प्रायॉरिटी वारशाचा पर्याय (कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती मिळते) पृथ्वीवरून चालू करून तो सुधारला गेला. टास्क चालवणाऱ्या फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये म्युटेक्स आणि बायनरी सेमाफोर अशी दोन कुलपं आहेत; म्युटेक्सला हा वारसा मिळतो, बायनरी सेमाफोरला नाही. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून चुकीचा निवडला जातो. यातून सुटायची सोपी वाट: नियंत्रकाने दुसऱ्याचा डेटा हातात घ्यायचाच नाही. प्रत्येक कर्त्या ऑब्जेक्टला संदेशांची रांग, एक संदेश पूर्ण हाताळून झाला की पुढचा.

रांग आली की एक खास चूक सोबत येते. स्टार_डेल्टा 'स्टार' अवस्थेत आहे, ६ सेकंदांचा टायमर लावलेला. नेमका त्या सुमारास फेज जातो. रांगेत आधी 'बंद_कर' येतं, आणि त्याच्या मागोमाग टायमरचं 'वेळ_संपली'. दोन्ही एकाच मिलिसेकंदातले. पहिला संदेश हाताळून स्टार सुटला, अवस्था 'बंद'. टायमर रद्द केला, पण त्याचा संदेश तर आधीच रांगेत बसला आहे. दुसऱ्या संदेशाच्या हाताळणीत अवस्था न बघता 'वेळ संपली की डेल्टा ओढ' लिहिलं असेल, तर दोन फेजवर डेल्टा ओढला जाईल. वर्षातून एकदा घडणारी ही चूक मोटार घेऊन जाते. म्हणून अवस्था आणि संदेश यांचा पूर्ण तक्ता भरा. पाच अवस्था आणि चार संदेश असतील तर वीस खाने. 'दुर्लक्ष कर' असेल तर तेही स्पष्ट लिहा. आणि टायमरच्या संदेशाला क्रमांक द्या, जुन्या क्रमांकाचा आला की टाकून द्या.

ऑटो, डीपी आणि एकसारखं बियाणं

लाईट आली की एका डीपीवरच्या सगळ्या ऑटोवाल्या मोटारी एकाच क्षणी उठतात, प्रत्येकीचा करंट सहापट, आणि डीपीचा फ्यूज जातो किंवा ट्रान्सफॉर्मरच. म्हणून चालू होण्याआधी यादृच्छिक थांबा ठेवतात, समजा ३० ते १८० सेकंद. तो 'रँड' फंक्शनने काढला आणि सीड, म्हणजे सुरुवातीचा बीज-आकडा, दिलाच नाही, तर प्रत्येक पेटीत पहिला 'यादृच्छिक' आकडा तोच येतो. गावातल्या सगळ्या पेट्या शिस्तीत ९७व्या सेकंदाला एकत्र उठतात! या चिपमध्ये ९६ बिटांचा कारखान्यात कोरलेला क्रमांक असतो, प्रत्येक चिपला वेगळा. त्यावरून सीड काढा.

तपासणी आणि मोजणी

इंटरफेसची मेहनत इथे वसूल होते. नकली स्टार्टर, नकली फेज-मॉनिटर आणि नकली घड्याळ जोडून नियंत्रक लॅपटॉपवर चालवता येतो. घड्याळही ऑब्जेक्ट असेल तर १८० सेकंदांचा थांबा क्षणात तपासून होतो. ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. नकली घड्याळ त्या क्षणाच्या दोन सेकंद आधी लावून काय होतं ते बघा. 'आता ठरलेल्या वेळेपेक्षा मोठं आहे का' असं लिहिलं असेल तर फसतं, 'आता वजा सुरुवात' चिन्हविरहित आकड्यांत लिहिलं असेल तर तरतं.

लॅपटॉपवर वेळ मात्र कळत नाही. ती चिपवरच मोजावी लागते. कोअरमधला सायकल-काउंटर फंक्शनच्या आधी आणि नंतर वाचा, आणि सर्वात मोठा फरक जपून ठेवा. सरासरीचा इथे उपयोग नाही. हा काउंटर ७२ मेगाहर्ट्झला साधारण ५९.६ सेकंदांत पूर्ण फिरतो, त्याहून लांब मोजमाप त्याने करू नका. तेही जमत नसेल तर फंक्शनमध्ये शिरताना एक मोकळी पिन वर, निघताना खाली, आणि ऑसिलोस्कोप लावा.

शेवटी वॉचडॉग: ठरलेल्या मुदतीत प्रोग्रामने थोपटलं नाही तर चिप रीसेट करणारं घड्याळ. तो टायमर इंटरप्टमधून थोपटायचा नाही. मेन अडकलेला असला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉग झोपून राहतो. प्रत्येक टास्कने आपल्या फेरीत एक बिट लावावा, आणि सगळे बिट जमले तरच एका देखरेख-ऑब्जेक्टने थोपटावं. मुदत ठरवताना सैल हात ठेवा: या वॉचडॉगचं आतलं घड्याळ ४० किलोहर्ट्झचं म्हणतात, पण डेटाशीटप्रमाणे ते ३० ते ६० पर्यंत कुठेही असू शकतं, आणि मे महिन्यातली उन्हातली पेटी काही खोलीच्या तापमानाला नसते. हिशोबाने १ सेकंद ठेवलेली मुदत प्रत्यक्षात ०.६७ ते १.३३ सेकंद होते. मोडेम सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो, सप्लाय कमजोर असेल तर त्यानेही रीसेट होतो. म्हणून उठल्याबरोबर रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचा, दोन्ही कॉन्टॅक्टर सोडलेले आहेत याची खात्री करा, आणि दहा मिनिटांत वॉचडॉगचे तीन रीसेट दिसले तर ऑटो बंद करून लाल दिवा लावून थांबा.